वडवणीची थंडी, अंजीर आणि रमजानचा बाजार

गेल्या काही महिन्यांत वडवणी, धारूर, तेलगाव भागातील आमच्या ओळखीचे बागवान बंधू आणि दोन-चार किराणा व्यापारी एकच प्रश्न विचारीत आहेत. आपल्याकडे अंजिराची बाग लावण्यात किंवा लावणाऱ्याला भांडवल देण्यात काही अर्थ आहे का, की हिवाळ्यातील थंडी सर्व पाण्यात घालील? आम्ही कापडाचे व्यापारी आहोत, शेतीतज्ज्ञ नाही. परंतु ज्या मालात आपल्या लोकांचा पैसा गुंतणार त्याची चौकशी करणे हे कोणत्याही व्यापाऱ्याचे काम आहे, म्हणून जे समजले ते येथे मांडीत आहोत.

प्रथम थंडीविषयी. अंजिराचे झाड आपण समजतो तितके नाजूक नाही. पाने गाळून झोपी गेलेले मोठे झाड शून्याखाली आठ-दहा अंशांपर्यंतची थंडी सोसते. कंदहारला हिवाळ्यात पाणी गोठते, तरी तेथील अंजीर साऱ्या हिंदुस्थानात खपतो. उझबेकिस्तानात आणि चीनच्या शिनजियांग प्रांतातील आतुश या उइगुर मुस्लिमांच्या भागात थंडी त्याहून कडक असते. तेथील बागवान दर हिवाळ्यात फांद्या वाकवून मातीखाली पुरतात आणि वसंतात पुन्हा मोकळ्या करतात. आपल्या मराठवाड्यात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा आठ-दहा अंशांवर येतो. परभणीकडे काही वर्षी तो पाचाच्याही खाली गेला आहे. एवढ्याने अंजिराचे झाड मरत नाही. कोवळी फूट मात्र झोंबऱ्या थंडीत करपते.

झाड जगेल, पण फळाचे काय? व्यापाराचा खरा प्रश्न हा आहे, आणि त्याचे उत्तर बहरात आहे.

महाराष्ट्रात अंजिराचे दोन बहर धरतात. नावेच बोलकी आहेत, खट्टा आणि मीठा. उन्हाळ्यात झाड ताणावर सोडून पावसाच्या तोंडाला छाटणी केली की दिवाळीच्या मागेपुढे फळ सुरू होते आणि हिवाळाभर चालते, हा खट्टा बहर. पाऊस सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात छाटणी केली की फळ फेब्रुवारी-मार्चपासून उन्हाळ्यात निघते, हा मीठा बहर. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुका हे अंजिराचे माहेरघर. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच वर्षी आपल्या बीडच्या सीताफळालाही मिळाले. तिकडे मीठ्या बहराची कीर्ती मोठी, कारण त्याची गोडी अधिक. त्यामुळे आपल्याकडे कोणी बाग लावली की तोही डोळे मिटून मीठा बहर धरू पाहतो.

आमच्या मते वडवणीत हे उलटे पडते. मीठ्या बहराचे फळ भरते ते मार्च ते मे या महिन्यांत, आणि त्याच महिन्यांत आपल्या विहिरी तळ दाखवतात. दुष्काळाच्या वर्षी बीड जिल्ह्यात माणसांसाठी टँकर लागतो, तेथे बागेला पाणी कोठून आणणार? दुसरे असे की, पारा ३९ अंशांच्या वर गेला की अंजीर अवेळी पिकते, फळाची प्रत उतरते. आपला एप्रिल-मे चाळिशीच्या खाली क्वचितच असतो. म्हणजे ज्या थंडीला आपण भितो तिच्यापेक्षा उन्हाळा अंजिराचा मोठा दुश्मन आहे. खट्ट्या बहराला पाऊस आयता मिळतो, विहिरीला पाणी असते आणि ऊन सौम्य असते.

आता बाजाराची बाजू पाहू. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो, हे आपणास सांगायला नको. २०२४ मध्ये तो मार्चच्या मध्यात सुरू झाला, २०२५ मध्ये मार्चच्या आरंभी. २०२८ मध्ये तो जानेवारीच्या अखेरीस येईल. २०३० मध्ये तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एकदा आणि डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा, असा एका इंग्रजी वर्षात दोनदा सुरू होईल. १९९७ साली असेच घडले होते. पवित्र कुरआनच्या ९५ व्या सूरहचे नावच 'अत-तीन' म्हणजे अंजीर आहे, त्यामुळे या फळाचा मान आपल्या घरात आधीच आहे. येती काही वर्षे इफ्तारच्या दस्तरखानावर ताजे अंजीर हवे असेल तर ते थंडीत पिकलेलेच असणार. मीठ्या बहराचे फळ तोवर बाजारात फारसे आलेले नसेल.

थंडीत पिकवायचे म्हणजे काय करायचे? छाटणीपासून पहिल्या तोड्यापर्यंत साधारण साडेचार ते पाच महिने जातात, आणि कडक थंडीत फळ आणखी रेंगाळते. म्हणून रमजानच्या तारखेपासून मागे मोजून छाटणी धरावी, आणि वर पंधरा दिवस थंडीसाठी राखून ठेवावेत. तोडा एकदा सुरू झाला की पुढे दोन महिने कमी-अधिक चालतो, तेव्हा नेमका चाँद गाठण्याची फिकीर नको.

जागेची निवड फार महत्त्वाची. बालाघाटच्या उतारावरील मुरमाड, पाणी निचरणारी जमीन अंजिराला मानवते. काळी, चिबडणारी जमीन मानवत नाही. थंड हवा जड असते, ती ओढ्याकाठच्या खोलगट रानात साचते. तेव्हा उताराचा मधला पट्टा घ्यावा, उत्तरेकडून वाऱ्याला आडोसा करावा आणि दक्षिणेची बाजू उन्हाला मोकळी ठेवावी. फार थंडी पडणार असे दिसले तर रात्री उशिरा बागेला पाणी द्यावे आणि पहाटे बांधावर काडीकचऱ्याचा धूर करावा. ओल्या जमिनीतील ऊब झाडाला मिळते. मात्र फळ पिकत असताना एकदम भरपूर पाणी सोडू नये, त्याने फळ तडकते. थंडी आणि दमट हवा एकत्र आली तरी तडकते, अशा आठवड्यात आडत्याला माल कमी सांगावा. भूमध्य समुद्राकाठचे जुने बागवान पूर्ण वाढलेल्या फळाच्या टोकावरील छिद्राला तेलाचे बोट लावीत, त्याने फळ काही दिवस लवकर पिकते. आपल्याकडे मजुरीचा हिसाब पाहता हे शे-दोनशे फळांपुरतेच जमेल.

खट्ट्या बहराचा खरा शत्रू तांबेरा आहे. नवी पालवी पावसात सापडते, पानांच्या खाली तांबूस पूड धरते, पाने गळतात आणि पानावाचून फळात गोडी येत नाही. छाटणीनंतर लगेच मोरचूद-चुन्याच्या एक टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी आणि पुढेही नजर, यात कसूर करू नये.

आणखी एक अडचण पुरंदरात नाही, ती आपल्याकडे आहे. दसरा-दिवाळी झाली की वडवणी तालुक्यातील पुष्कळ माणसे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. हिवाळ्यातील तोड्याला माणूस मिळणार कोठून? अंजीर रोज पहाटे, देठासह, एकेक हाताने काढावे लागते. त्याचा पांढरा चीक बोटांची कातडी सोलतो, हातमोजे नसतील तर तेल चोळून काम करावे लागते. म्हणून आमची सूचना अशी की, ज्या घरची माणसे ऊसतोडीला जात नाहीत, शिवणकाम, बांगड्या, पिंजारकाम यांवर जी घरे गावातच टिकून आहेत, त्यांना सकाळच्या दोन-तीन तासांच्या कामासाठी आधीच ठरवून ठेवावे. एक एकरात पाच-पाच मीटरवर १६० झाडे बसतात. तिसऱ्या वर्षापासून फळ मिळू लागते. सुरुवात करणाऱ्याने अर्ध्या एकराच्या पुढे जाऊ नये, असे आम्हास वाटते.

कापडाचा गठ्ठा या ईदला खपला नाही तर पुढच्या ईदला खपतो. अंजीर दुसऱ्या संध्याकाळची वाट पाहत नाही. पुणे आपल्यापासून अडीचशे किलोमीटरहून लांब आहे. म्हणून पहिला बाजार बीड, माजलगाव, परळी हाच धरावा. पाटीत तळाला अंजिराचीच पाने घालून एका थरात फळ लावावे, थरावर थर नको. थंडीचा येथे फायदाच होतो, मे महिन्यात जे फळ संध्याकाळी मऊ पडते ते जानेवारीत दुसऱ्या दिवशी विकण्याजोगे राहते.

काही ठिकाणी सुक्या अंजिराची स्वप्ने विकली जात आहेत, त्याबद्दलही लिहिणे भाग आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलमध्ये सत्ता बदलली तेव्हा आणि एप्रिल २०२५ मध्ये अटारीचा रस्ता बंद झाला तेव्हा सुका अंजीर महागला. तेव्हापासून 'तुर्की जातीची रोपे लावा, सुका माल आम्ही हमीने उचलू' असे सांगणारे एजंट गावोगाव दिसतात. इझमिर म्हणजे जुन्या स्मर्ना शहराच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या सुक्या अंजिराला नर झाड लागते आणि नर झाडातील बारीक माशी लागते. ती फळाच्या छिद्रातून आत गेली नाही तर फळ पिकण्याआधीच गळून पडते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील बागवानांनी ही झाडे लावून वर्षानुवर्षे गळलेली फळे पाहिली, शेवटी १८९९ मध्ये माशी आणून बसवली तेव्हा कोठे पीक हाती आले. पुना अंजीर, दौलताबादी अंजिरातून निवडलेली दिनकर, राहुरी विद्यापीठाची फुले राजेवाडी, या आपल्या जातींना माशीची गरज नाही. पण त्या खाण्याच्या जाती आहेत. त्यांत पाणी जास्त, साखर कमी, वाळवून कंदहारी मालाची बरोबरी होत नाही. रोपे घ्यायचीच तर पुरंदर तालुक्यातील जाधववाडी येथे अंजीर व सीताफळाचे संशोधन केंद्र आहे, तेथे चौकशी करून घ्यावीत.

राहता राहिला सौदा. आपल्या भागात फळ बोराएवढे असतानाच अख्खी बाग उक्ती घेण्याची रीत आहे. पैसे मोजून व्यापारी मोकळा होतो, पुढे थंडीने फळ रखडले किंवा तांबेऱ्याने पाने झडली की भांडण उभे राहते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी फळाची पक्वता दिसून येण्यापूर्वी झाडावरचे फळ विकण्यास मनाई केली, आणि पुढील अनेक वर्षांचे फळ आगाऊ विकण्यासही मनाई केली. या हदीसी सहीह ग्रंथांत आहेत. अंजीर एकदम पिकत नाही, रोज थोडे थोडे पिकते, म्हणून थोडे पिकलेले पाहून बाकीचा सौदा करावा की नाही याबाबत स्थानिक उलेमांना विचारून घ्यावे.

शेतकऱ्याला आधी पैसा हवा असतो हे खरे आहे, त्यासाठी दोन वाटा मोकळ्या आहेत. एक मुसाकात, म्हणजे झाडे एकाची, मेहनत व पाणी दुसऱ्याचे आणि फळात ठरलेला हिस्सा. खैबरच्या जमिनी अर्ध्या उत्पन्नावर दिल्या गेल्या होत्या. यात फळ रखडले तर दोघांचेही रखडते, कोणी कोणास फसवत नाही. दुसरी सलम. मदीनावासी फळासाठी एक-दोन वर्षे आधी रक्कम देत, त्यांना माप, वजन आणि मुदत ठरवून देण्याची अट घातली गेली. सलममध्ये पूर्ण रक्कम सौद्याच्या वेळी द्यावी लागते, निम्मी आज निम्मी उद्या चालत नाही. माल अमुक एका बागेचाच असे बांधून घेऊ नये, कारण ती बाग नासली तर काय? चिठ्ठीत जात, एका किलोत किती नग, देठासह की कसे, पाटी कोणाची, माल कोठे पोहोचवायचा हे सर्व लिहावे. आणि 'रमजानच्या सुमारास' असे न लिहिता दिवस, महिना, साल लिहावे.