मराठी पॅक कुठे दडून बसतो?

लिब्रे ऑफिस या फुकट ऑफिस-सॉफ्टवेअरला मेनू मराठीत दाखवणारा पॅक नाही, असं मला अनेकांनी ठामपणे सांगितलं आहे. त्यात संगणक शिकवणारेही आहेत. पॅक आहे, फुकट आहे आणि वर्षानुवर्षं आहे. तो सापडत नाही, कारण त्याच्याकडे जाणारी सगळी वाट इंग्रजीतून जाते. इंग्रजी मेनू वाचता येणाऱ्याला त्याची फारशी नड नसते. ज्याला नड असते तो पहिल्याच पायरीवर अडतो.

मुचकुंदी नदीच्या मुखाशी वसलेल्या पूर्णगडात एका बचत गटाच्या हिशेबासाठी जुना लॅपटॉप आला होता. खजिनदार काकींच्या मुंबईच्या पुतण्याने दिलेला, त्यावर विंडोजऐवजी उबंटू ही प्रणाली. काकींची वही चोख, पै न् पै जुळलेली. पण पडद्यावर सगळं इंग्रजी. ‘‘हिशेबाला मी भीत नाय रे,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पण भलतंच काय दाबलं नि महिन्याची वर्गणी पुसली गेली तर बायकांना काय सांगू?’’

पुतण्याने पेनड्राइव्हवरून पॅक आणला होता. फायलीच्या नावात ‘एमआर’ ही मराठीची खूणही होती. तरी तो बसेना. पॅक नव्या आवृत्तीचा आणि मशीनवरचं लिब्रे ऑफिस जुनं. आकडे जुळल्याशिवाय हे जमत नाही. खरं तर उबंटूच्या स्वतःच्या भांडारातच जुळणारा पॅक असतो, ‘लिब्रेऑफिस-एल१०एन-एमआर’ या नावाने. हे नाव बघून त्यात मराठी आहे हे कुणाला कळावं? मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तो उतरवला, सेटिंगमध्ये मेनूची भाषा मराठी निवडली, ऑफिस बंद करून पुन्हा उघडलं. काकींनी चष्मा पुसला आणि प्रत्येक मेनू उघडून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढला. मध्ये कुणालाही बोलू दिलं नाही.

विंडोजवर गंमत उलटी. तिथे वेगळा पॅक शोधण्याची गरजच नसते. मराठी त्याच इन्स्टॉलरच्या पोटात असते. पण आपण सवयीने ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत जातो. ‘कस्टम’ निवडून भाषांच्या यादीत मराठीवर टिक केली आणि नंतर सेटिंगमध्ये मेनूची भाषा मराठी निवडली की काम होतं.

मेनू मराठी झाला तरी मजकुराची भाषा वेगळी ठरवावी लागते. सेटिंगमध्ये देवनागरी ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ या भारदस्त नावाखाली ठेवली आहे. तिथे मराठी निवडली नाही, तर शुद्धलेखन तपासणीला आपण काय लिहितोय याचा पत्ता नसतो.

या तपासणीमागचं काम मला फार मोलाचं वाटतं. तिचं इंजिन हनस्पेल. ते लास्लो नेमेथ यांनी हंगेरियन भाषेसाठी घडवलं. हंगेरियनमध्येही शब्दाला प्रत्ययामागून प्रत्यय लागतात, त्यामुळे होडी, होडीत, होडीतून, होडीतल्यांना अशी आपली रूपंही त्याला नियमांनी शिकवता येतात. ती शिकवायला मात्र मराठी माणूसच लागतो. शंतनू ओक यांनी मराठी शब्दसंग्रहासाठी असंच चिकाटीचं काम केलं. गावखडी, मुचकुंदी असे स्थानिक नावांचे शब्द अडले, तर आपले आपण त्यात घालायचे.

मेनूच्या अनुवादातही पडद्याआड बरीच कसरत असते. अनुवादकासमोर सुटी वाक्यं येतात, आजूबाजूचा संदर्भ नसतो. वाक्यात फायलीच्या नावासाठी एक खूण सोडलेली असते. इंग्रजीत ती शेवटी येते, मराठीत उचलून सुरुवातीला आणावी लागते. ती गळली, तर वापरणाऱ्याला ‘जतन करता आली नाही’ एवढंच दिसतं. कोणती फाइल, ते कळत नाही. काही शब्दांत ‘~’ असं चिन्ह असतं. कीबोर्डवरून मेनू उघडणारं अक्षर त्याच्यावरून ठरतं.

२०१० साली ओपनऑफिसमधून लिब्रे ऑफिस वेगळं झालं. आता वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये, नवी आवृत्ती येते आणि नवी वाक्यं घेऊन येते. ज्यांचा अनुवाद झालेला नसतो ती इंग्रजीतच दिसतात. काकींच्या मेनूतही मधूनमधून अशा ओळी होत्या. त्यांनी प्रत्येकीवर बोट ठेवून विचारलं, ‘‘ह्या कोण करणार?’’ कुणीही करू शकतं. लिब्रे ऑफिसच्या अनुवादाच्या ‘वेबलेट’ या संकेतस्थळावर खातं उघडायचं, मराठी निवडायची आणि अनुवाद न झालेली वाक्यं एकेक करत भरायची. पुतण्याने तिथेच फोनवर खातं उघडलं. काकींनी बोट ठेवलेल्या ओळींपासून त्याने सुरुवात केली.