पाण्यातील औषधांचे अंश

‘पाणी उकळून प्यावे’ हा उपदेश आपण शिकवणीच्या वर्गांत व गृहभेटींत इतक्या वेळा केला आहे की, त्यालाही मर्यादा आहे याचा आपणांस विसर पडतो. उकळण्याने जंतू मरतात. पाण्यात विरघळलेले औषध मात्र बहुधा तसेच राहते, आणि पाणी आटेल तितके ते दाट होते.

रोग्याने घेतलेली गोळी शरीरात सर्वस्वी खर्ची पडत नाही. तिचा काही भाग मलमूत्रावाटे गटारात जातो. सांडपाण्याची शुद्धीकरण केंद्रे मुख्यतः सेंद्रिय मळ कुजविण्यासाठी उभारलेली असल्यामुळे पुष्कळशी औषधे त्यांतून निसटतात. पिण्याच्या पाण्यात सापडणारे अंश सामान्यतः इतके सूक्ष्म असतात की, त्यांपासून मनुष्यास अपाय होण्याचा संभव फारच थोडा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली म्हटले. जलचरांची गोष्ट निराळी. कॅनडातील एका प्रायोगिक तलावात २००१ ते २००३ या काळात गर्भनिरोधक गोळीतील संप्रेरक लिटरमागे अवघे पाच-सहा नॅनोग्रॅम राहील असे मिसळण्यात आले. तेथील एका लहान जातीच्या नर माशांत मादीचे प्रथिन निर्माण होऊ लागले व ती जात तलावातून जवळजवळ नाहीशी झाली.

परंतु आम्हां हैदराबादकरांचा प्रश्न नॅनोग्रॅमचा नाही. पाटणचेरू येथील सामायिक केंद्रात सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी येत असे. तेथून ‘शुद्ध’ होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन असल्याचे स्वीडिश संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केले. ते औषध घेणाऱ्या रोग्याच्या रक्तातही त्याचे प्रमाण एवढे नसते! पुढे आसपासच्या गावांतील विहिरींतही औषधे आढळली. हे पाणी त्या काळी ओढ्यांवाटे नक्कावागूत व तेथून मांजरेत जात असे. तीच मांजरा, जी बीड जिल्ह्यातील बालाघाटात उगम पावते.

खरे भय विषबाधेचे नव्हे. प्रतिजैविकात सतत बुडालेल्या जंतूंपैकी त्यास दाद न देणारे तेवढे तगतात, आणि ती शक्ती ते अन्य जातीच्या जंतूंनाही देऊ शकतात. विषमज्वरावर एके काळी हमखास गुणकारी असलेले सिप्रोफ्लॉक्सासिन भारतात आता बहुधा निरुपयोगी ठरते. त्याचा सारा दोष कारखान्यांवर टाकणे न्याय्य नव्हे. सर्दी-पडशालाही प्रतिजैविक मागणारे आपणही त्यात आहोत. तथापि सांडपाण्यातील प्रतिजैविकांना मर्यादा घालणारा मसुदा केंद्र सरकारने जानेवारी २०२० मध्ये काढला आणि २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या मर्यादा गळाल्या, हे खेदजनक होय.

कारखान्यांलगतच्या गावी ‘विहिरीचे पाणी उकळले तर चालेल ना?’ असे कोणी विचारल्यास धर्मशिक्षकाने ‘चालेल’ असे सरसकट उत्तर देऊ नये. तेथे पाणी दुसरीकडूनच आणले पाहिजे, व ते पुरवावे म्हणून ग्रामस्थांच्या अर्जावर आपणही सही करावी. धर्मग्रामाच्या दवाखान्यातील मुदत संपलेल्या गोळ्या मोरीत ओतण्याची प्रथा आमच्याकडे परवापरवापर्यंत होती. आता त्या डबाबंद करून रुग्णालयाच्या जैववैद्यकीय कचऱ्यासोबत पाठवितो.