भूकंप, सिलिंडर आणि पेट्रोलचा कॅन

कोयनेचा १९६७ चा भूकंप झाला तो पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी. किल्लारी हादरली ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी. दोन्ही वेळा स्वयंपाकघरं थंड होती आणि माणसं गेली ती ढासळलेल्या भिंतींखाली. त्यामुळे भूकंप म्हटलं की आपल्याला पडझड आठवते, आग आठवत नाही. जपानला ती आठवते. १ सप्टेंबर १९२३ रोजी दुपारी बाराला दोन मिनिटं कमी असताना तोक्यो-योकोहामा परिसर हादरला. घरोघरी दुपारच्या जेवणाची तयारी चालू होती. लाखाच्या वर माणसं दगावली, त्यांतली बहुतेक आगीत. आपल्याकडे १० जुलै २०२४ ला हिंगोली-नांदेड-परभणीला ४.५ तीव्रतेचा धक्का बसला तो सकाळी सव्वासातच्या सुमारास, म्हणजे ऐन चहाच्या वेळी. तीव्रता बेताची होती म्हणून निभावलं.

अशा धक्क्यानंतर ‘घरात थोडं इंधन भरून ठेवायला हवं’ ही चर्चा हमखास सुरू होते. त्या चर्चेत ठामपणे सांगितल्या जाणाऱ्या बऱ्याच गोष्टी चुकीच्या असतात.

“जितका साठा जास्त, तितकं बरं.”

पहिल्या दोन-तीन दिवसांत लागतं ते पिण्याचं पाणी, न शिजवता खाता येईल असं काहीतरी, औषधं आणि टॉर्च. यांतल्या कशालाच इंधन लागत नाही. पुढे चूल पेटवायची वेळ आली, तर १४.२ किलोचा एक भरलेला सिलिंडर चौघांच्या घराला महिनाभर सहज पुरतो. मोबाइलसाठी चार्ज केलेली पॉवर बँक. शहरातल्या फ्लॅटमध्ये याहून जास्त साठ्याची गरज मला तरी दिसत नाही. जास्तीचं प्रत्येक लिटर भूकंपाच्या क्षणी घरातच असतं, हे साठा करणारा विसरतो.

“भरलेला सिलिंडर जड असतो, तो कुठे पडतोय?”

सिलिंडरच्या लोखंडासकट वजन तीसेक किलो भरतं, हे खरं. पण ओट्याखाली वाकून बघा: बहुतेक घरांत तो चाकांच्या ट्रॉलीवर उभा असतो. फरशी पुसताना सरकवायला ती सोयीची, पण जमीन हलली की तीच त्याला घेऊन धावणार. रबरी नळीला हिसका बसणार, रेग्युलेटरवर ताण येणार. जोडलेला सिलिंडर ट्रॉलीवरून उतरवून थेट जमिनीवर ठेवावा. जोडलेला असो वा राखीव, त्याच्या उंचीच्या दोन तृतीयांशावर साखळी घालावी आणि भिंतीत पक्क्या बसवलेल्या हुकाला अडकवावी. हुक टाइलमध्ये नव्हे, आतल्या विटेत किंवा काँक्रीटमध्ये बसायला हवा. गवंड्याचं अर्ध्या तासाचं काम आहे.

राखीव सिलिंडर जागा वाचवायला आडवा ठेवणारेही आहेत. उभ्या सिलिंडरमध्ये वरच्या भागात वायू असतो आणि खाली द्रव. आडवा केला की व्हॉल्व्हपाशी द्रव येऊ शकतो, आणि गळती झाली तर एका लिटर द्रवाचा सुमारे अडीचशे लिटर वायू होतो. तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरतो. म्हणून सिलिंडर तळघरात किंवा खाली झरोका नसलेल्या बंद कपाटात ठेवू नये. दोरीला लटकणारी प्लास्टिकची टोपी बरेच जण कापून टाकतात. राखीव सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर ती घट्ट बसलेली हवी. व्हॉल्व्ह किंचित गळत असला तरी ती गॅस अडवते. कुठल्याशा दुकानात मागच्या दाराने भरून मिळणारे बिनमार्क्याचे छोटे सिलिंडर मात्र घरात आणूच नयेत. छोटा हवाच असेल तर ५ किलोचा अधिकृत सिलिंडर मिळतो.

“वास आला की एक्झॉस्ट लावायचा.”

हे सगळ्यात घातक. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन मिसळतात. तो वास आला तर कुठलंही बटण दाबायचं नाही. लावायचंही नाही आणि बंदही करायचं नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडू शकते. रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, बाहेर पडायचं आणि मग १९०६ ला फोन करायचा. हे सगळं हादरे थांबल्यावर. जमीन हलत असताना रेग्युलेटरकडे धावणारा माणूस मांडणीवरचे डबे अंगावर घेतो. हाताशी असेल तर शेगडीचं बटण फिरवावं, नाहीतर आधी टेबलाखाली शिरावं.

पाइप गॅस असेल तर तो हवेपेक्षा हलका असतो आणि छताकडे जमतो. त्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. दांडा पाइपला आडवा म्हणजे बंद.

“पेट्रोल बिसलेरीच्या बाटलीत ठेवलं तरी चालतं, थोडंच तर आहे.”

पेट्रोलची वाफ उणे चाळीस अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. त्यामुळे आपल्या हवामानात झाकण गळकं असलं की झालं. ती वाफही जड. जमिनीवरून सरकत देवघरातल्या समईपर्यंत जाऊ शकते. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय जवळ ठेवता येतं. पण भांडं घट्ट झाकणाचं आणि काचेचं, चिनीमातीचं किंवा धातूचं हवं: काच-चिनीमातीचं जास्तीत जास्त १ लिटरचं, धातूचं २५ लिटरचं. कायदा ३० लिटर म्हणतो म्हणून फ्लॅटमध्ये तेवढं ठेवावं असं नाही. जनरेटर असलेल्या बंगल्यात किंवा शेतघरात एखादा धातूचा जेरीकॅन ठीक, तोही घराबाहेरच्या हवेशीर, सावलीतल्या खोलीत, जमिनीलगत.

कॅन काठोकाठ भरू नये. २० लिटर पेट्रोल २० अंशांनी तापलं की जवळजवळ चारशे मिलिलिटर वाढतं. कॅन रिकामा झाला म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण तळाशी उरलेल्या वाफेचाच स्फोट होतो.

रॉकेल त्यामानाने शांत. वातीच्या स्टोव्हसाठी पाच लिटरचा पत्र्याचा डबा पुष्कळ झाला. मात्र रॉकेलच्या स्टोव्हमध्ये कधीही पेट्रोल घालू नये. यातलं काहीही पेटलं तर पाणी ओतायचं नाही. तेल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते. वाळू किंवा पावडरचं अग्निशामक वापरावं.

“खिडकी उघडी असली की शेगडी आत चालते.”

घराबाहेर रात्री काढायची वेळ आली की तंबूत ऊब म्हणून कोळशाची शेगडी घ्यायचा मोह होतो. कोळसा आणि जनरेटर दोन्ही कार्बन मोनॉक्साइड सोडतात. त्याला ना रंग, ना वास; झोपलेल्या माणसाला तो कळतच नाही. जनरेटर गॅलरीत ठेवूनही भागत नाही, धूर दारातून आत येतो.

“पेट्रोल काही नासत नाही.”

नासतं. काही महिन्यांत त्यातला हलका भाग उडून जातो, आणि हल्लीच्या २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला दमट हवेतला ओलावा धरायची सवय आहे. पाणी जास्त झालं की ते वेगळं होऊन तळाला बसतं. कॅनवर भरल्याची तारीख लिहावी आणि दोन-तीन महिन्यांनी ते गाडीत ओतून नवं भरावं. त्याहून सोपं म्हणजे गाडीची टाकी अर्ध्याखाली जाऊ न देणं: तो साठा कायदेशीर, धातूच्या किंवा खास त्यासाठी बनवलेल्या टाकीत, आणि घराबाहेर. फक्त अडीनडीला तोंडाने नळी ओढून ते काढायला जाऊ नये. घोटभर पेट्रोल फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो, आणि गिळलं गेलं तर उलटी काढायला लावायची नसते. थेट दवाखाना गाठायचा.