ढोकीच्या विहिरीवरचं १९७० साल

आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण सगळं कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठीत टेक्निकल लेख लिहिणं म्हणजे मला व्हायवापेक्षा अवघड वाटतं. पण ही गोष्ट ढोकीला घडली, आणि ती इंग्लिशमध्ये सांगितली तर काकांना वाचता येणार नाही.

आमचं गाव ढोकी, जिल्हा धाराशिव. साखर कारखान्यामुळे तुम्ही नाव ऐकलं असेल. मिनी प्रोजेक्टसाठी आम्ही तिघींनी काकांच्या विहिरीवर पाण्याची पातळी नोंदवणारं एक यंत्र बसवलं. एक छोटा लिनक्स बोर्ड, त्यावर ४ एमबी फ्लॅश मेमरी, एक सेन्सर, आणि वेळ लक्षात ठेवायला बटन सेलवर चालणारी घड्याळाची चिप. दर पंधरा मिनिटांनी तारीख, वेळ आणि पातळी लिहून ठेवायची, एवढंच काम. मोटर कधी चालवली की पाणी किती वेळात परत भरतं, हे काकांना पाहायचं होतं.

आता ४ एमबीत लिनक्स बसवायचं कसं? बूटलोडर आणि कर्नललाच त्यातली बरीच जागा जाते. उरलेल्या जागेत एलएस, सीपी, माउंट, शेल अशा कमांड वेगवेगळ्या ठेवायला गेलात तर आपला प्रोग्रॅम खिशात घेऊन फिरावं लागेल! इथे बिझीबॉक्स कामाला येतो. ब्रूस पेरेन्स यांनी तो १९९५ मध्ये लिहायला घेतला, तो डेबियनची इन्स्टॉल करायची सिस्टीम एका फ्लॉपीवर मावावी म्हणून. फ्लॉपी म्हणजे १.४४ एमबी. युक्ती अशी, की सगळ्या कमांड एकाच फाइलमध्ये. एलएस, सीपी ही नुसती त्या फाइलकडे बोट दाखवणारी नावं, म्हणजे लिंक. कोणत्या नावाने हाक मारली ते ती फाइल बघते आणि तसं वागते. घरात एकच माणूस, पण कोणी दादा म्हणतं, कोणी काका, कोणी मामा, तसं.

या फाइलमध्ये काय असावं हे ती बनवतानाच ठरतं. 'मेक मेनूकॉन्फिग' अशी कमांड दिली की निळ्या पडद्यावर लांबलचक यादी येते. शेकडो कमांड, आणि प्रत्येकीच्या पोटात आणखी पर्याय. एलएसने रंग दाखवायचे का, शेलने मागच्या किती ओळी लक्षात ठेवायच्या, मदतीचा मजकूर सविस्तर हवा का थोडक्यात. स्पेसबार दाबला की खूण येते, परत दाबला की जाते. जिची खूण गेली तिचा कोड कंपायलर घेतच नाही. तो बंद पडलेला नसतो, फाइलमध्ये नसतोच. हा फरक मला परीक्षेपुरता समजला होता.

आजोबा सांगतात, ढोकीवरून पूर्वी बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी जायची. ही लाइन १८९७ मध्ये सुरू झाली आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने रूळांतलं अंतर ठेवलं ७६२ मिलिमीटर, आणि एका आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार नको असं ठरवलं. खर्च वाचला. गाडीची वेळ स्टेशनमास्तर फळ्यावर खडूने बदलू शकतो, रूळांतलं अंतर नाही. ते १६७६ मिलिमीटर करायला २००७-०८ साल उजाडलं, आणि तेव्हा अख्खा मार्ग नव्याने टाकावा लागला. आपल्या सिस्टीममधल्या सेटिंग फाइल म्हणजे तो फळा, आणि मेनूकॉन्फिग म्हणजे रूळ.

आम्ही लॅबमध्ये बसून धडाधड खुणा काढल्या. व्हीआय हा एडिटर काढला, वीसेक केबी वाचले. ते बरोबरच होतं, विहिरीवर बसून कोण एडिटिंग करणार? मग एचडब्ल्यूक्लॉक दिसलं. घड्याळाच्या चिपमधून वेळ वाचून सिस्टीमला देणारी कमांड, वजन साधारण ६ केबी. मैत्रीण म्हणाली, "वेळ तर बरोबर येतेय, मग हे कशाला?" काढलं. वेळ बरोबर येत होती, कारण लॅबमध्ये इंटरनेट होतं आणि एनटीपीडी तिथून वेळ घेत होतं. सुरुवातीच्या स्क्रिप्टमधली एचडब्ल्यूक्लॉकची ओळ 'नॉट फाउंड' म्हणत होती, पण सिरियल केबल लावून ते वाचणार कोण?

विहिरीवर इंटरनेट कुठलं! आणि लाइट तर दिवसातून कितीदा जाते. प्रत्येक वेळी यंत्र उठलं की १ जानेवारी १९७०, पहाटेचे साडेपाच. (युनिक्सची गणती तिथूनच सुरू होते, वरचे साडेपाच तास आपल्या भारतीय वेळेचे.) महिन्याने काकांनी वही पाहिली आणि फोन केला, "अगं पोरी, सत्तर साली तर ही हीरच नव्हती की!"

महिनाभराचे आकडे होते, पण कोणता कोणत्या दिवसाचा ते कळायला मार्ग नव्हता. आणि नेमका तो महिना विहीर आटत जाण्याचा होता. तो परत कसा मिळणार?

नुसती एक फाइल कॉपी करूनही भागलं नाही. फाइलसिस्टीम फक्त वाचता येणारी होती, म्हणून बिझीबॉक्स पुन्हा बनवा, पूर्ण इमेज बनवा, एसटीने ढोकी गाठा आणि विहिरीच्या काठावर लॅपटॉप मांडीवर घेऊन फ्लॅश करा. काकूंनी चहा दिला, काका काहीच बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

गंमत म्हणजे ६ केबीने आमचं काही अडलंच नव्हतं. खरी जागा दुसरीकडे होती. आम्ही बिझीबॉक्स स्टॅटिक बनवला होता, म्हणजे सी लायब्ररीतला लागणारा भाग त्याच्या पोटात, आणि आमच्या प्रोग्रॅमसाठी तीच लायब्ररी वेगळी ठेवलेली. एकटा बिझीबॉक्सच असेल तर स्टॅटिक परवडतं. आमच्यासारखे दोघे असतील तर लायब्ररी वाटून घेतलेली बरी. ती एक खूण काढल्यावर एचडब्ल्यूक्लॉकसकट सगळं आरामात मावलं.

तुम्ही करणार असाल तर 'डॉट कॉन्फिग' ही फाइल जपून ठेवा, सगळ्या खुणा तिच्यातच असतात. आमची फॉरमॅट केलेल्या पीसीबरोबर गेली होती. बोर्डावर 'बिझीबॉक्स' एवढंच टाइप केलं की आत असलेल्या कमांडची यादी येते, पण पोटातले पर्याय त्यात दिसत नाहीत. त्यासाठी बीबीकॉन्फिग नावाची कमांड आहे, ती बनवतानाचं सगळं कॉन्फिगरेशन छापून दाखवते. फक्त तिचीही खूण आधी केलेली असावी लागते. आमची नव्हती.