टनभर फुले, किलोभर तेल

मार्च सरत आला की ट्युनिशियातल्या नाबेलमध्ये कडू संत्र्याची झाडे फुलतात. झाडाखाली कापड अंथरायचे, शिडी लावायची, फुले हाताने खुडायची आणि सुकायच्या आत भट्टीवर चढवायची. टनभर फुलांमागे नेरोली तेल निघते साधारण किलोभर. (आपला नागपुरी संत्र्याचा बहर कितीही घमघमला तरी नेरोली त्याची नव्हे, ते झाड वेगळ्या जातीचे.)

फुले पाण्यात उकळतात, वाफ थंड होते आणि पाण्यावर तेलाचा पातळ थर तरंगतो. तेल बहुतेक परदेशी अत्तरवाल्यांकडे जाते. खालचे सुगंधी पाणी, तिथल्या बोलीत ‘झहर’, घरोघरी राहते: कॉफीत, मिठाईत, ऊन लागलेल्याच्या कपाळावर. घरगुती औषध म्हणून लोकांनी जवळ केले ते हे सौम्य पाणी, हे मला फार शहाणपणाचे वाटते.

इराणमध्ये शस्त्रक्रियेआधी साठ रुग्णांवर जो प्रयोग झाला, त्यातही फुलांचा अर्कच प्यायला दिला होता. २०११ साली छापलेल्या त्या अहवालात रुग्णांची धास्ती कमी झाल्याचे नोंदले आहे. तेल हुंगवले कोरियात. रजोनिवृत्तीनंतरच्या ६३ स्त्रियांना पाच दिवस, दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटे. २०१४च्या त्या अहवालात त्रास कमी झाल्याचे आणि रक्तदाब थोडा उतरल्याचे दिसते. पण पाच दिवस म्हणजे किती! शिवाय वास लपवता येत नाही. आपल्याला खरे तेल मिळाले की तुलनेसाठी ठेवलेले नुसते बदामाचे, हे नाकाला कळतेच. तेव्हा रक्तदाबाची गोळी सोडून कुणी बाटली हुंगत बसू नये.

याच झाडाच्या फळाची साल दाबून काढलेले तेल लावून उन्हात गेले तर कातडी भाजू शकते. त्याला कारणीभूत असलेली फ्युरोकुमारिन द्रव्ये वाफेबरोबर उडत नाहीत, म्हणून फुलांचे तेल या दोषातून सुटते. त्यातले लिनालूल आणि लिमोनीन मात्र हवा लागून बिघडतात, आणि बिघडलेल्या तेलाने खाज, पुरळ उठू शकते. बाटली गडद काचेची, घट्ट बुचाची, थंड जागी हवी. अंगाला लावायचे तर ३० मिलीलिटर बदामतेलात पाच-सहा थेंब पुरेत, तेही आधी मनगटावर लावून बघून. पिऊ नये. गरोदर बाई किंवा दम्याचा रुग्ण असेल तर डॉक्टरांना विचारावे.

उरली भेसळ. त्याच झाडाच्या पानांचे तेल बरेच स्वस्त आणि वासाने जवळचे. ते मिसळले जाते, कारखान्यातले लिनालूलही. दहा मिलीलिटर अस्सल नेरोलीला आठ-नऊ किलो फुले लागतात. दोनशे रुपयांच्या ‘शुद्ध’ बाटलीत ती कशी मावली, हे दुकानदाराला जरूर विचारावे.