पुढचे दिसणे आणि पुढचे आखणे

माणसाला पुढचे वेळेवर का सुचत नाही, या प्रश्नाचे उत्तर परिस्थितीपेक्षा स्वभावात शोधण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. पंचतंत्रातील तीन मासे, म्हणजे संकटाआधी तजवीज करणारा अनागतविधाता, ऐनवेळी युक्ती सुचणारा प्रत्युत्पन्नमती आणि होईल ते होईल म्हणून स्वस्थ बसणारा यद्भविष्य, हे दूरदृष्टीच्या मोजमापावर केलेले माणसांचेच वर्गीकरण होय. विसाव्या शतकात अशा वर्गीकरणाला मानसशास्त्राची परिभाषा मिळवून देण्यात स्विस मनोवैज्ञानिक कार्ल युंग यांच्या १९२१ मधील व्यक्तिमत्त्वप्रकारांवरील ग्रंथाचा वाटा मोठा आहे.

युंग यांच्या मते मन विचार, भावना, संवेदना आणि अंतःप्रज्ञा या चार वृत्तींनी चालते, आणि त्यांतील एक प्रबळ झाली की तिच्या विरुद्ध असलेली कच्ची राहते. संवेदनाप्रधान माणूस समोरची वस्तू अचूक जाणतो, पण न घडलेल्याचा अंदाज घेताना त्याची कच्ची अंतःप्रज्ञा केवळ अशुभ शंका पुरवते. उलट अंतःप्रज्ञाप्रधान माणसाला शक्यता आधी दिसतात, मात्र पीक हाती येण्यापूर्वीच तो दुसऱ्या शेताकडे वळतो. म्हणजे पुढचे दिसणे आणि पुढचे आखणे या दोन वेगळ्या गोष्टी ठरतात, आणि या सिद्धांताची खरी कमाई हीच आहे. पुढे अमेरिकेतील कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल मायर्स यांनी आपल्या प्रश्नावलीत निर्णय लवकर बांधून टाकणारे आणि तो शेवटपर्यंत मोकळा ठेवणारे, असा आणखी एक भेद घातला. दुसऱ्या प्रकारचे लोक तहान लागल्यावर विहीर खणतात हे सर्वांना दिसते. पहिल्या प्रकारचे लोक पाणी आटल्यावरही ठरलेल्या जागीच खणत राहतात, हे मात्र सहसा कोणी बोलत नाही.

तथापि बहुतेक माणसे दोन टोकांच्या मध्ये असतात, आणि काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरून घेतली तर बऱ्याच जणांचा प्रकार बदलतो. शिवाय नियोजनातील काही चुका कोणत्याही एका प्रकाराच्या नसतात. डॅनिएल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये नियोजनभ्रम, म्हणजे आपले काम इतरांच्या तशाच कामांपेक्षा लवकर संपेल हा समज, दाखवून दिला. आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी सरासरी ३४ दिवसांचा अंदाज दिला, सगळेच बिघडले तर ४९ दिवस लागतील असे सांगितले, आणि प्रत्यक्षात त्यांना ५५ दिवस लागले.

दूरदृष्टीचे श्रेय एकट्या स्वभावाला कितपत द्यावे, या दृष्टीने म्हैसूरजवळील कृष्णराजसागर धरणाकडे पाहण्यासारखे आहे. ते आखणारे, पुण्यात शिकलेले आणि खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवणारे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना जन्मजात द्रष्टे म्हणण्याचा प्रघात आहे. कावेरीवरील या धरणाचे काम १९११ मध्ये सुरू झाले तेव्हा नदीच्या खालच्या भागातील मद्रास सरकार पूर्ण उंचीस राजी नव्हते, तरीही पाया पूर्ण उंचीच्या हिशेबानेच घातला गेला. त्यावरून वाद पेटला, तो लवादापर्यंत गेला आणि १९२४ च्या करारापर्यंत चालला. विश्वेश्वरय्या यांनी १९१८ मध्येच म्हैसूर संस्थानाचे दिवाणपद सोडले होते, पण संस्थानाच्या बांधकाम खात्याने काम सोडले नाही. पेरणाऱ्याने शेत सोडले तरी पीक घरी आले, ते एका माणसाच्या स्वभावामुळे नव्हे, तर आराखडा आणि अंदाजपत्रक दप्तरात शाबूत राहिल्यामुळे. आजही दर पावसाळ्यात म्हैसूर आणि मंड्याचे लोक जलाशयाची पातळी १२४.८० फुटांवर, म्हणजे पूर्ण भरण्याच्या खुणेवर, कधी पोहोचते, याची वाट पाहतात.