हक्क, सवलत आणि दारिद्र्य

पारतंत्र्यात गेलेले देश दरिद्री का झाले, या प्रश्नाला दादाभाई नौरोजींनी दिलेले उत्तर आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. देशात उत्पन्न होणारी संपत्ती प्रतिवर्षी परदेशी वाहून जात होती, हे त्यांनी आकडेवारीनिशी मांडले. त्यांचा ग्रंथ १९०१ साली प्रसिद्ध झाला. परंतु ही कारणमीमांसेची एक बाजू होय. संपत्ती जागच्या जागी राहिली आणि तिच्यावरील माणसाचा हक्क तेवढा गेला, तरीही दारिद्र्य निर्माण होते. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील देडतलाईचा परिसर याची साक्ष देतो.

मेळघाटाला लागून असलेल्या या सातपुड्याच्या भागात कोरकूंची जुनी वस्ती आहे. त्यांची शेती बेताची. खरा आधार जंगलाचा. मोह, चारोळी, डिंक, कंदमुळे, चराई आणि डोंगरउतारावरील फिरती शेती यांच्या बळावर अवर्षणाचे वर्षही निभावून जाई. तो काळ सुवर्णयुगाचा होता असे नव्हे. अभाव होता, पण आधारही होता.

१८६४ साली इंग्रज सरकारने वनखाते स्थापिले. लोहमार्गाच्या स्लीपरांसाठी सागवान हवे होते. १८६५ व १८७८ च्या कायद्यांनी जंगलावर सरकारची सत्ता प्रस्थापित झाली. पिढीजात वहिवाट ही हक्क न राहता सवलत ठरली. सवलतीला परवाना लागू लागला. परवान्यावाचून केलेली तीच कृती गुन्हा झाली. डचांनीही १८६५ सालीच जावा बेटातील सागवनांसाठी असाच कायदा केला होता. तेव्हा ही एखाद्या अधिकाऱ्याची लहर नसून साम्राज्यांची रीतच होती.

परिणाम एकातून एक निघाले. जंगलाचा आधार तुटताच पीक बुडाल्या वर्षी सावकाराचे दार गाठावे लागले. कर्जामुळे जमीन गेली. जमीन गेल्यावर मजुरी उरली. महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ मधील ग्रंथात वनखात्याने गायराने व डोंगर बळकावल्याची तक्रार केली आहे. म्हणजे सपाटीवरील शेतकऱ्यालाही याची झळ लागली होती.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटावयास हवे होते. परंतु १९२७ चा वनकायदा कायम राहिला. १९५६ साली राष्ट्राला अर्पण झालेल्या नेपानगरच्या कारखान्याने सलई व बांबूपासून वृत्तपत्री कागद केला. ज्यांच्या रानातून तो कच्चा माल आला, त्यांच्या घरी मात्र वाचणारे फार थोडे होते. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मेळघाटातील बालकांच्या कुपोषणाने सारा देश हादरला. अखेर २००६ च्या वनहक्क कायद्याने ‘ऐतिहासिक अन्याय’ झाल्याचे मान्य केले आणि ‘हक्क’ हा शब्द परत आला. तथापि दावा सिद्ध करावयाचा तर कागद हवेत, आणि कागदांपासूनच हा समाज दूर राहिला आहे.

येथे शिक्षकाचा संबंध येतो. सुगीनंतर आईबापांबरोबर मजुरीसाठी परगावी जाणाऱ्या मुलाची जागा वर्गात रिकामी राहते. त्याला आळशी वा मागासलेला म्हणणे सोपे आहे. परंतु तसे म्हणताना आपण परिणामालाच कारण समजतो. दारिद्र्याचा धडा शिकविताना वनकायद्यांचा हा इतिहास सांगितला गेला पाहिजे आणि दाव्याचा अर्ज वाचता-लिहिता येईल इतकी अक्षरविद्या त्या मुलाच्या हाती दिली पाहिजे. एवढे तरी आपल्या हातचे आहे.